रंगदादांनी बसवलेलं मागचं चाक

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अंगण दिसतं. मागे दुमजली घर, उजव्या हाताला नळ आणि सिमेंटचा हौद, डाव्या हाताला पत्र्याची शेड. मधोमध एक काळी मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी आहे. तिचं मागचं चाक जागेवर नाही, साखळी नुसतीच लोंबते आहे. चाक आहे ते अंगणाच्या पुढच्या भागात, कपडे भिजवायच्या टबावर. टब पालथा, चाक आडवं. त्याच्यासमोर बुटक्या स्टुलावर एक सडपातळ, वयस्कर गृहस्थ बसले आहेत. बसले आहेत म्हणजे काय, बसतात, उठतात, चाकाभोवती फेरी मारतात, पुन्हा बसतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची बायको. पायरीवर त्यांची सून, अंगात पांढरा गणवेश, खांद्याला औषधांची पिशवी, नजर मनगटावरच्या घड्याळाकडे. आणि वरच्या गॅलरीत, फुकटच्या पासावर आलेला एकुलता एक प्रेक्षक, म्हणजे त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी मी.

हे गृहस्थ म्हणजे आमचे रंगदादा. आमच्या नाटकमंडळीचे मेकअपवाले. माझ्या तोंडाला पहिला रंग लागला तो त्यांच्याच हातून. "हलू नका, बाई" हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय, की तेवढ्या वेळा मी स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. गंमत अशी, की समोरच्याला हलू न देणारा हा माणूस स्वतः मात्र कधी स्थिर नसायचा. डब्याकडून आरशाकडे, आरशाकडून दाराकडे, तिथून पुन्हा डब्याकडे. तिसरी घंटा झाली, सगळे आपापल्या जागी उभे राहिले, तरी अंधारात हे विंगेत येणार आणि कुणाच्या तरी कपाळावरून बोट फिरवून जाणार. त्या बोटाने त्यांनी मला राणी केलं, भिकारीण केलं, माझ्याहून वयाने मोठ्या नटाची आईसुद्धा केलं. आता आरशात पाहते तेव्हा वाटतं, त्या आईसाठी त्यांनी ज्या जागी सुरकुत्या काढल्या होत्या, नेमक्या त्याच जागी माझ्या आल्यात. दादांचा हातच तसा होता.

मंडळी बंद पडली. हात काही बंद पडले नाहीत. चेहरे मिळेनात, म्हणून ते घरातल्या वस्तूंकडे वळले. इस्त्री उघडली, शिवणयंत्र उघडलं, दाराचं कुलूप उघडलं आणि मग ते कुलूप तीन दिवस उघडंच राहिलं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "ह्यांना निवृत्ती मिळाली आणि माझ्या घराला नोकरी लागली."

मोटरसायकल मुलाची. मुलगा मालवाहू जहाजावर, घरी येतो तो पाहुण्यासारखा. गाडी चालवते ती सून. ती परिचारिका आहे. शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये अंथरुणाला खिळलेली माणसं असतात, त्यांच्याकडे घरोघरी जाते. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाची लघवीची नळी बदलायची. तिकडे बस जात नाही. तेव्हा गाडी चालली तर सून पोचणार आणि सून पोचली तर त्या माणसांचा दिवस सुरू होणार, असा सगळा मामला. म्हणून गाडीची देखभाल आपल्याकडे आहे याचा दादांना केवढा अभिमान! तेल ते बदलायचे, साखळी ते ताणायचे, ब्रेक ते बघायचे. सून सकाळी निघाली, की गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत कान देऊन ऐकायचे आणि मगच चहाचा पहिला घोट घ्यायचे.

आणि मग ते क्रीमचं प्रकरण घडलं.

झालं होतं असं, की मागच्या चाकाची ट्यूब पंक्चर झाली आणि दादांनी टायर घरीच उतरवलं. उतरलं बिचारं. चढताना मात्र रुसलं. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तार असते, ती काही ताणत नाही. त्यामुळे कड रिमवरून आत सरकायला तिला काहीतरी बुळबुळीत लावावं लागतं. दादांनी पाहिलं, तर रबर कोरडं ठाक. आता कोरडं काही दिसलं की ह्या माणसाचा हात कुठे जाणार? मेकअपच्या पेटीकडे! तळाशी कोल्ड क्रीमचा मोठा डबा उरला होता. जन्मभर त्या क्रीमने त्यांनी आमच्या तोंडावरचे रंग उतरवले. तेच टायरच्या कडेला दोन बोटांनी, गोल गोल, चांगलं जिरवून लावलं. टायर असं काही आत गेलं म्हणता! दादांनी वर पाहून मला सांगितलं, "बाई, काय नखरा करत होतं! जरा तोंड पुसलं, मऊ केलं, बसलं गुमान."

मीही टाळ्या वाजवल्या. मला काय कळतंय त्यातलं?

थोड्याच दिवसांनी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर सुनेने जोरात ब्रेक मारला. समोर कुत्रं आलं होतं. ब्रेकने रिम धरली, पण रिमने टायर धरलं नाही. क्रीम काही वाळत नाही. आतल्या आत टायर रिमवर फिरलं, त्याच्याबरोबर ट्यूब फिरली आणि हवा भरायची नळी बुडापासून तुटली. क्षणात हवा गेली. गाडी आडवी आणि पोरगी फरफटत कठड्यापर्यंत. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला, एवढ्यावर निभावलं. ट्रक मागून येत होता तो थांबला, म्हणून निभावलं.

टायरवाल्याने चाक खोलून बघितलं आणि चार लोकांसमोर हसला. "काका, टायर गोरं करायचं होतं का?"

सून हसली नाही, चिडलीही नाही. घरी येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, यापुढे चाकाचं काम दुकानातच करू या."

करू या! त्यात दादा कुठेच नव्हते. चिडली असती तर ते भांडले असते, रडली असती तर समजूत घातली असती. पण इतक्या मऊ आवाजात बाजूला सारलेल्या माणसाने करावं काय? त्या दिवसापासून रंगदादा गाडीला हात लावेनासे झाले. सून निघाली की गाडीचा आवाज ऐकायचे, पण चहा तसाच निवायचा. दुपारभर अंगणात येरझारा. कुठे टायर करकरलं की फाटकापाशी. संध्याकाळी गाडी आत आली की जे काय बूड टेकायचं ते टेकायचे. आपल्या हातावरचा विश्वास उडाला, हे त्यांना पोरीच्या कोपरावरच्या डागात रोज दिसत होतं.

तर आता अंगणाकडे वळू. आज सकाळी सून निघायला गेली आणि मागच्या टायरच्या बाजूला ही एवढी चीर दिसली. आतले धागे बाहेर आलेले. त्यावर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. टायरवाल्याच्या दुकानाला कुलूप, तो लग्नाला गेलेला. फोनवर म्हणाला, परवा येतो. शेडमध्ये नवं टायर होतं. मुलाने मागच्या सुट्टीत आणून ठेवलेलं, पण दोरीने करकचून बांधलेलं, दोन्ही कडा एकमेकींना चिकटलेल्या, घडी घातल्यासारखं चपटं. असं टायर बसवायला सगळ्यात हट्टी. आणि तिकडे पलीकडच्या वस्तीत एका आजींची नळी आजच बदलायची होती.

सून दारात उभी राहिली. दादा पायरीवर बसले होते.  शेवटी ती आत गेली आणि एक छोटा डबा घेऊन आली. त्यात पांढरी, घट्ट पेस्ट होती.

"हा टायरचा साबण," ती म्हणाली. "त्या अपघातानंतर टायरवाल्याकडून आणून ठेवला होता. ओला असतो तोवर बुळबुळीत, वाळला की धरतो."

"आणून ठेवला होतास?" दादांनी विचारलं. "कधीपासून?"

"तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा. तुम्ही गाडीकडे बघायचंच सोडलंत."

दादा उठले. बाह्या सरसावल्या. खिडकीतून वहिनींचा आवाज आला, "सूनबाई, तुझ्या सासऱ्याच्या पेटीला आधी कुलूप घाल."

"तू भाजी बघ!" दादा ओरडले.

"भाजी शहाणी आहे, जागेवर बसलीय."

नवं टायर सोडून आधी उन्हात पसरलं, कडा दूर राहाव्यात म्हणून मध्ये लाकडाचे तुकडे घातले. ते गरम होईपर्यंत दादांनी जुनं टायर उतरवलं. हवा सोडली, व्हॉल्व्हची पिन काढली, दोन्ही बाजूंनी पाय देऊन कड सोडवली, पोलादी पट्ट्या घालून एक एक वीत बाहेर काढली. रिम धुतली. नुसती धुतली नाही, साबणाने धुतली, पुसली, बोट फिरवलं, पुन्हा धुतली.

"बाबा, किती धुताय?"

"मागचं काही राहायला नको."

मग साबण पाण्यात कालवला. पेटी उघडली तशी खिडकीत वहिनी दचकल्याच, पण दादांनी काढला तो रुंद ब्रश. त्या ब्रशने टायरच्या दोन्ही कडांना आणि रिमच्या काठाला साबणाचा थर दिला. पातळ, सारखा, एक ठिपका कमी नाही की जास्त नाही. एवढं झाल्यावर ते थांबले आणि वर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचा तो प्रधान आठवतो का? टकलाचा?"

आठवत कसा नाही! आमच्यातला एक नट प्रधान व्हायचा, डोक्याला रबराची टक्कल-टोपी चिकटवून. एकदा त्याने डोकं कोरडं पडलं म्हणून गुपचूप क्रीम चोपडलं, वरून टोपी. दरबाराच्या प्रवेशात घाम फुटला आणि टक्कल हळूहळू पुढे सरकायला लागलं. राजा मरून पडलेला, मी राणी, हंबरडा फोडतेय, आणि प्रधानाचं टक्कल भुवयांपर्यंत आलेलं. लोक असे हसले, की राजाचंही पोट हलायला लागलं, आणि तो तर मेला होता.

"तेव्हा त्याला मी किती शिव्या दिल्या," दादा म्हणाले. "रबराखाली क्रीम लावायचं नसतं, एवढं कळत नाही का, म्हणून. आणि इथे मीच..."

 सून सगळं ऐकत होती. तिने नुसतं पिशवी खांद्यावरून उतरवून पायरीवर ठेवली.

पहिली कड सहज चढली. ट्यूबला दादांनी पावडर लावली, तीसुद्धा पेटीतलीच. सुनेने भुवया उंचावल्या तसे म्हणाले, "पावडर चालते. टायरवालाही लावतो. विचार हवं तर फोन करून." ट्यूब आत सारली, थोडीशी हवा भरून गोल केली, हवेची नळी रिमच्या भोकातून बाहेर काढली. आता दुसरी कड. अर्ध्याहून जास्त हाताने आणि गुडघ्याने गेली आणि मग टायर अडलं. शेवटची वीतभर कड रिमच्या वर ताठ उभी. दादांनी एक पट्टी घातली, दुसरी घातली, अंग टाकलं. कड जागची हलेना. पट्टी सटकली आणि टणकन जाऊन हौदावर आपटली.

"जोर नका लावू, बाबा! ट्यूब चिमटेल."

"जोर नको तर काय, समजूत घालू त्याची?"

"घाला," खिडकी म्हणाली. "बघू तरी तुमचं कोण ऐकतं."

दादांनी पुन्हा साबण लावला. पुन्हा पट्टी. पुन्हा नाही. कपाळावरून घाम टपकायला लागला. सून घड्याळ बघत होती. घड्याळ बघितलेलं ते बघत होते. उठले, चाकाभोवती फिरले, बसले, परत उठले. माझेही हात गॅलरीच्या कठड्यावर नुसते वळवळत होते. मला वाटलं, आता हे पट्टी फेकून देतील आणि पुन्हा कधी अंगणात दिसणार नाहीत.

तेवढ्यात सून चाकाच्या पलीकडे वाकली. "बाबा, इथे बघा. ही बाजू वर आलीय."

खरंच होतं. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते. कडेचा आधी चढलेला भाग त्या पन्हळीत खाली बसलेला असेल, तरच समोरच्या भागाला तेवढी सूट मिळते. इकडे दादा ओढत होते आणि तिकडे कड पन्हळीतून निसटून वर आली होती. अख्खं जग लावून ओढलं असतं तरी टायर आलं नसतं.

"मी दाबून धरते," ती म्हणाली.

"अगं, गणवेश!"

"धुता येतो."

आणि तिने पांढऱ्या गणवेशात गुडघे टेकले, दोन्ही गुडघे टायरवर, आणि अंगाचं सगळं वजन तिकडे दिलं. त्यातला एक अपघातात सुजलेला. दादांनी ब्रश एकदा फिरवला. पट्टी घातली, या वेळी छोटा घास घेतल्यासारखी, अगदी थोडी. उचलली. शेजारी दुसरी. कड हलली. थोडी आणखी. आणि मग कसलाही गाजावाजा न करता ती शेवटची वीतभर कड आत गेली. दोघं तशीच बसून राहिली, चाकाच्या दोन बाजूंना, धापा टाकत.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"अजून नाही," दादा म्हणाले.

पायाच्या पंपाने हवा भरायला सुरुवात केली. टायर फुगलं, ठप्प आवाज आला, एक कड जागेवर बसली. टायरवर रिमच्या लगत गोल फिरणारी एक बारीक रेषा असते, ती सगळीकडे सारखी दिसायला हवी. दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी ती आत दबलेली दिसली.

"एवढ्याने काही होत नाही, बाबा. चालेल. मला उशीर होतोय."

"नाही चालणार."

"बाबा, आजी वाट बघतायत."

"म्हणूनच नाही चालणार. तू तिथे पोचायला हवीस." त्यांनी सगळी हवा सोडली. दबलेल्या जागी पुन्हा साबण भरला. पुन्हा पंप. सून पाय आपटत फाटकापर्यंत गेली आणि परत आली. वहिनींनी डबा भरून पिशवीत कोंबला. ठप्प! रेषा सगळीकडून सारखी. दादांनी बोट फिरवून पाहिलं, चाक गोल फिरवून पाहिलं, तोंडात पुटपुटत आणखी एकदा फिरवून पाहिलं.

चाक जागेवर चढलं, साखळी आली, ब्रेक जोडला. साबण वाळेपर्यंत गाडी उन्हात उभी करायची होती. तो वेळ काही जाता जाईना. सूनही येरझारा घालतेय, सासराही घालतोय, दोघं मध्येच एकमेकांना आडवी येतायत. मग दादांनी पेटीतून पांढरी पेन्सिल काढली. काळ्या भुवयांखाली उजेडाची रेघ ओढायची ती पेन्सिल. वाकून त्यांनी टायरवरून सरळ रिमवर एक रेघ ओढली, दोन्हींना सांधणारी.

"ही रेघ तुटली, टायरवरचा तुकडा एकीकडे आणि रिमवरचा दुसरीकडे गेला, तर समज टायर सरकतंय. तिथेच थांबायचं. प्रत्येक घरी पोचलीस की उतरून रेघ बघायची आणि मला फोन करायचा."

"प्रत्येक घरी?"

"प्रत्येक घरी."

"बरं," ती म्हणाली आणि गाडीवर बसली. बसली, पण निघेना. एक हात हँडलवर, नजर समोर. मला वरून दिसत होतं, ती कोपरावरचा डाग अंगठ्याने चोळत होती. दादांनाही दिसलं.

ते फाटकाशी गेले नाहीत. गाडीच्या मागे आले आणि पाय टाकून मागच्या सीटवर बसले.

"हे काय?"

"टाकीच्या उतारावर घे. तिथे जोरात ब्रेक मार. मग पुढे जा."

"बाबा, उतरा. तुम्ही पडलात तर?"

"पडलो तर दोघं पडू," दादा म्हणाले. "मागच्या वेळी तू एकटी पडलीस."

 सुनेने मान वळवली नाही. गाडी सुरू केली.

टाकीचा उतार माझ्या गॅलरीतून दिसतो. मी उभी राहिले. गाडी वर गेली, वळली, खाली यायला लागली. दादांनी दोन्ही हातांनी सीटचा मागचा दांडा धरला होता. मग लाल दिवा लागला, टायर ओरडलं, गाडी पुढे वाकली आणि थांबली. सरळ उभी. रस्त्यावर धूळ उडाली, ती खाली बसली. दादा उतरले, रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले, चाकाशी डोळे नेले. उठून हात हलवला. गाडी निघून गेली आणि दादा चालत घरी आले. हौदावर तोंडावर पाणी मारलं आणि घाम उन्हामुळे आला असं स्वतःहून दोनदा सांगितलं.

पहिला फोन आला. "जुळलेली आहे, बाबा." दुसरा फोन आला. "जुळलेली आहे." दोन्ही वेळा फोन वाजायच्या आधीच हा माणूस फोनशी. त्यानंतर आजींचं घर.

फोन आला नाही.

दुपार झाली. दादांनी ताटावर बसून दोन घास खाल्ले आणि उठले. "रेंज नसेल," वहिनी म्हणाल्या. "असते," दादा म्हणाले. त्यांनी फोन लावला, कुणी उचलला नाही. अंगणात आले. पट्ट्या पुसून ठेवल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा पुसल्या. साबणाच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला. मला विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंत ना? पातळच लावला होता ना मी?" मी म्हटलं, पातळच लावला होता. "कुठे जास्त नाही ना?" नाही. "ते मघाशी दबलं होतं तिथे दुसऱ्यांदा भरला, तो जास्त झाला असेल का?" आता मी काय सांगणार! खाली गेले, त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. ते बसेनात. उन्हं कलली. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक मोटरसायकल त्यांनी कानाने तपासली. एकदा फाटकाबाहेर गेले, टाकीपर्यंत जाऊन परत आले, पुन्हा निघाले तेव्हा वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कुठे निघालात? चालत वस्तीवर जाणार? ती येईल तेव्हा तुम्हाला शोधत कोण फिरणार?" आवाज चढवला खरा, पण त्यांनीही सगळी दुपार एकच भाजी निवडली होती.

दिवेलागणीला गाडीचा आवाज आला. दादांनी फाटक उघडलं. सून आत आली, धुळीने माखलेली, दमलेली, गालावर हसू.

"आजी वाचल्या," ती म्हणाली. "नळी पार तुंबली होती. ताप चढला होता. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. डॉक्टरांना बोलावलं, ते येईपर्यंत मी तिथेच. मग राहिलेली घरं."

"फोन का नाही केलास?" दादा ओरडले.

"कसला फोन?"

"रेघेचा!"

ती नुसती बघत राहिली. मग तोंडावर हात गेला. "अगंबाई! विसरलेच, बाबा. फोन पिशवीत तळाला. आजींकडे गेले ती गेलेच, मग तिथून पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या... चाकाचं लक्षातच आलं नाही."

"लक्षातच आलं नाही?"

"खरंच नाही आलं."

 दादा खाली बसले. चाकावरची धूळ अंगठ्याने पुसली. रेघ निघाली, टायरवरून रिमवर, सरळ, न तुटलेली. तरी त्यांनी चाक थोडं फिरवून उजेडाकडे केलं आणि पुन्हा पाहिलं. उठताना सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला अजून साबणाचा वास असणार. चाकाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, पुन्हा चाकाकडे.

"विसरलीस ते बरं झालं, पोरी," ते म्हणाले. "पण उद्या बघ हं. उद्या आठवणीने बघ."